फी कागदावर लिहा

माझी धाकटी बहीण घटस्फोटासाठी पहिल्यांदा वकिलाकडे गेली तेव्हा मी सोबत होते. २०२२ चा पावसाळा होता. वकिलांनी आधी विचारलं ते नवऱ्याच्या पगाराचं. संसार किती वर्षांचा, मुलगी कितवीत, सध्या राहता कुठे, हे नंतर, आणि तेही मधेमधे फोन घेत. पगाराचा आकडा त्यांनी पॅडवर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, “सहा महिन्यांत मोकळ्या करतो ताईंना. आत्ता फक्त खर्चापुरतं द्या. शेवटी जी एकरकमी पोटगी मिळेल, त्यातले वीस टक्के माझे.” आम्ही दोघी नमस्कार करून निघालो. जिना उतरताना बहीण कित्येक महिन्यांनी हसली.

त्या तीन वाक्यांतलं पहिलं खोटं होतं आणि तिसरं नियमबाह्य. हे समजायला आम्हाला चौदा महिने लागले. मी बँकेत तीस वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासली आहेत. सही कुठे, शिक्का कुठे, तारीख कुठे, हे डोळे आपोआप शोधतात. त्या दिवशी मात्र साधी पावतीही मागावीशी वाटली नाही. घरातलं माणूस रडत असलं की बाकीच्यांची अक्कलही जाग्यावर राहत नाही. म्हणूनच मला वाटतं, की विश्वासू वकील ओळखण्याचं ओझं अशा कुटुंबावर एकट्यावर टाकणं चूक आहे. त्याची काही व्यवस्था न्यायालयाने आणि बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांचं नियमन करणाऱ्या संस्थेने, करायला हवी. ती करायची जागा कायद्यात आधीपासून आहे. कुठे, ते पुढे सांगते.

आधी ते सहा महिने. बांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात बाकावर बसून मी ज्या ज्या बायकांशी बोलले, त्यातल्या बहुतेकींना हाच आकडा कोणी ना कोणी सांगितलेला होता. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात १९७६ साली कलम १३ब आलं, परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं. वर्षभर वेगळे राहिलेले नवरा-बायको एकत्र अर्ज करतात, सहा महिने थांबतात आणि मग अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन सांगतात की आमचं मत कायम आहे. ते सहा महिने फेरविचाराला दिलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, की दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे खरोखर मिटलं असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. पण याच न्यायालयाने १९९१ मध्ये असंही सांगितलेलं आहे, की हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही आपली संमती काढून घेऊ शकतं.

म्हणजे सहा महिन्यांची गोष्ट दोघं राजी असतील तरच. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला घटस्फोट द्यायचाच नव्हता, आणि हे आम्ही पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं होतं. मग उरतं ते कलम १३ : क्रूरता, परित्याग, व्यभिचार असं काहीतरी पुराव्याने सिद्ध करायचं. नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कलम २१ब म्हणतं खरं, पण बोर्डावरची, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतली, गर्दी पाहिली की त्या प्रयत्नाचं काय होतं ते कळतं. “लग्न मोडलंच आहे, आता उरलंय काय?” हे कारण या कायद्यात नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने म्हटलं, की लग्न कायमचं मोडलंय एवढ्यावर सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालच्या आपल्या खास अधिकारात घटस्फोट देऊ शकतं. बांद्र्याच्या न्यायाधीशांकडे तो अधिकार नाही. रोज काळा कोट घालून त्या इमारतीत जाणाऱ्या माणसाला हे सगळं पाठ असतं. तरीही तो सहा महिने म्हणतो, कारण समोरची बाई तेच ऐकायला आलेली असते.

आता टक्के. दाव्याच्या निकालावर फी ठरवू नये, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांवर फी आकारणं बेकायदा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली स्पष्ट केलं. हा नियम का आहे ते मला आमच्या प्रकरणात दिसलं. चौदा महिने झाले तरी अंतरिम पोटगीचा, म्हणजे दावा चालू असतानाच्या दरमहा खर्चाचा, अर्जच दाखल नव्हता. आम्ही विचारलं की उत्तर यायचं, “त्या फुटकळ पैशांत अडकू नका, एकरकमीवर लक्ष ठेवा.” बहीण मुलीच्या शाळेची फी उसनी आणून भरत होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीबद्दल जो मोठा निकाल दिला, त्यात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. अर्ज केला नाही तो प्रत्येक महिना बुडाला. दरमहाच्या पोटगीत वकिलांचा वाटा नव्हता, आणि एकरकमीत होता. त्यांनी मुद्दाम आमचं वाईट चिंतलं असं मी म्हणत नाही. पण ज्याचा वाटा रकमेत आहे त्याची नजर रकमेवरच राहणार. पुढे नवऱ्याकडून निरोप आला, की मुलीच्या शिक्षणाचा खर्च थेट शाळेत भरायला मी तयार आहे. आमच्या वकिलांनी तो आम्हाला विचारायच्या आधीच नाकारला होता.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक सुचवलं. भारतीय दंड संहितेचं तेव्हाचं कलम ४९८अ, सासरच्या छळाच्या गुन्ह्याचं, आज भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे ते, त्याखाली तक्रार करायची आणि त्यात सासूबाईंचं आणि नाशिकला दिलेल्या नणंदेचंही नाव घालायचं. “केस मजबूत होते.” बहिणीने सोसलं होतं, पण ते नवऱ्याकडून. सासूबाईंनी तिला लपवून औषधाला पैसे दिले होते. ती त्या रात्री म्हणाली, “ताई, मी त्यांचं नाव कसं घेऊ गं?” हे कलम ज्या बायकांसाठी आहे त्यांच्यासाठी ते असायलाच हवं, त्यावर माझं दुमत नाही. पण खऱ्या तक्रारीत एक खोटं नाव घातलं, की उलटतपासणीत ते नाव खऱ्या तक्रारीलाही सोबत घेऊन बुडतं. आम्ही नकार दिला. तिथून फोन उचलले जाईनासे झाले.

वकील बदलायचं ठरवलं तर त्यांनी फाईल अडवली. उरलेले पैसे भरा, मगच कागद आणि एनओसी, म्हणजे दुसरा वकील नेमायला त्यांची लेखी ना-हरकत. आम्ही दोन महिने त्यांच्या ज्युनिअरच्या मागे फिरलो. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद रोखून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००० सालापासून आहे, हे आम्हाला दुसऱ्या वकीलबाईंनी सांगितलं. एनओसी मिळत नसेल तर कारण देऊन न्यायालयाची परवानगी मागता येते, तीही वाट बार कौन्सिलच्याच नियमांत आहे. दोन्ही गोष्टी कुठल्याही भिंतीवर मराठीत लावलेल्या मला दिसल्या नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा, आणि मुंबईचं न्यायालय १९८९ पासूनचं. नवरा-बायकोचं भांडण दिवाणी दाव्यासारखं लढवू नये, आधी समेटाचा प्रयत्न व्हावा, समुपदेशक असावेत, सुनावणी बंद दाराआड व्हावी, माणसांनी आपलं म्हणणं स्वतः मांडावं, असा त्यामागचा विचार. म्हणून या कायद्याचं कलम १३ म्हणतं, की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क कोणत्याही पक्षकाराला नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते न्यायमित्र म्हणून वकिलाची मदत घेईल. प्रत्यक्षात वकील देण्याच्या परवानगीचा अर्ज केला जातो, परवानगी मिळते, आणि कामकाज वकिलांमार्फतच चालतं.

ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. माझी बहीण बीकॉम झालेली आहे, शिकवण्या घेते, तरी न्यायाधीशांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. जिने घराबाहेर कधी अर्जसुद्धा लिहिला नाही तिला एकटीने बोल म्हणणं क्रूरपणाचं आहे. पण वकील इथे नसेल असं गृहीत धरून कायदा लिहिला गेला, त्यामुळे वकिलाने इथे कसं वागावं, पक्षकाराला काय लिहून द्यावं, याची तजवीज त्याने केली नाही. वकील आले, आणि ती तजवीज मागून आलीच नाही.

बाहेरही कुठे आधार नाही. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे; घटस्फोटाची जाहिरात दुकानासारखी व्हावी असं कुणाला वाटेल? पण त्यामुळे माहिती फिरते ती कुजबुजीतून. शेजारणीच्या भाच्याचं ज्याने केलं तो वकील. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या ओळखीचा वकील. “एकदम कडक आहे, समोरच्याला सोडत नाही,” ही आपल्याकडची सर्वांत मोठी शिफारस, जणू आपण कुस्तीगीर निवडतोय. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. उरते ती वकील कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे शिस्तभंगाची तक्रार. ज्या बाईला एक खटला झेपत नाही तिने दुसरा लढावा, असाच त्याचा अर्थ होतो. नुकसान झाल्यानंतरचे सगळे रस्ते लांबचे आहेत. म्हणून बंदोबस्त आधीच हवा.

माझी मागणी अगदी छोटी आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील परवानगीने येतो ना? मग त्या परवानगीच्या अर्जासोबत पक्षकाराच्या सहीचं एक निवेदन जोडलेलं असावं : मला माझ्या भाषेत, टप्प्याटप्प्याने, फी लिहून मिळाली आहे, दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत मला मिळेल, फी रकमेच्या टक्क्यांवर ठरलेली नाही. फीचा आकडा न्यायालयाला दाखवायची गरज नाही. आकडा वकील आणि अशील यांच्यातच राहू दे. कागद आहे एवढंच न्यायालयाने पाहावं. कौटुंबिक न्यायालयांसाठी नियम करण्याचा अधिकार याच कायद्याने उच्च न्यायालयाला दिलेला आहे, त्यामुळे संसदेत जावं लागणार नाही.

यावर वकील मंडळी म्हणतात, किती तारखा लागतील ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, मग फी आधी कशी लिहायची? अडचण खरी आहे. समोरचा नोटीस घेत नाही, लेखी कैफियत देत नाही, मध्येच न्यायाधीशांची बदली होते. पण तारखांचा अंदाज नसला तरी टप्प्यांचा असतो. दुसऱ्या वकीलबाईंनी आम्हाला दिलेला कागद एका पानाचा होता, मराठीत, हाताने लिहिलेला. अर्ज दाखल करणं, अंतरिम पोटगी, समुपदेशन आणि मध्यस्थीचा काळ, पुरावा आणि उलटतपासणी, अंतिम युक्तिवाद. प्रत्येकापुढे रक्कम. खाली लिहिलं होतं : उच्च न्यायालयात जावं लागल्यास वेगळं ठरेल, मी येऊ शकले नाही तर ज्युनिअर येईल, त्याचे जादा पैसे नाहीत, नुसती तारीख पडली तर फी नाही. शेवटी दोघींच्या सह्या.

दुसरा आक्षेप भावनिक असतो. हे नातं विश्वासाचं आहे, त्यात करार कसला? मुंबईकराला हे पटू नये. इमारतीच्या पुनर्विकासात आम्ही बिल्डरकडून कार्पेट एरियाचा शेवटचा चौरस फूट, भाड्याची प्रत्येक महिन्याची रक्कम आणि विलंब झाल्यास काय ते लिहून घेतो. कुणी तो बिल्डरवरचा अविश्वास मानत नाही. मग मुलीच्या ताब्याचा प्रश्न ज्याच्या हाती सोपवायचा त्याच्याकडून एक पान मागितलं तर अपमान का व्हावा? मला आता असं वाटतं, की नियम होईपर्यंत प्रत्येक घराने वकिलाची हीच पहिली परीक्षा घ्यावी. जो कागद द्यायला नाही म्हणतो त्याच्याकडे दुसरा प्रश्न विचारूच नये.

वकीलबाईंच्या बाबतीत दुसराही प्रश्न विचारावा लागला नाही, त्यांनीच विचारले. “तुम्हाला घटस्फोटच हवाय, की वेगळं राहायचंय आणि खर्च हवाय?” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. घटस्फोट न मागताही पोटगी मागता येते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि राहत्या घराचा हक्कही मागता येतो, हे तोपर्यंत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी बहिणीला लग्नापासूनच्या घटना तारीखवार लिहून आणायला सांगितल्या, चिडून नको, आठवून. आणि मग वाईट बातमी दिली. २०२० च्या त्या निकालाप्रमाणे दोन्ही बाजूंना आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यावं लागतं. बहिणीच्या शिकवण्यांचे पैसे त्यात लिहावे लागतील, त्यामुळे पोटगी थोडी कमी होईल. पहिल्या वकिलांनी ते लपवायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, “लपवलंत आणि समोरच्याने गुगल पेच्या नोंदी काढल्या, तर पिंजऱ्यात मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. आणि मग तुमचं खरं दुःखही खोटं ठरेल.” पहिल्या भेटीत नको असलेलं ऐकवणाऱ्या माणसावर माझा तेव्हापासून जास्त विश्वास आहे.

समुपदेशकांबद्दल थोडं. आधीच्या वकिलांनी बजावलं होतं, “आत काही बोलू नका, हो-नाही म्हणा.” म्हणून पहिल्या दोन भेटी वाया गेल्या. समुपदेशकापुढे बोललेलं गोपनीय राहतं, ते पुरावा म्हणून वापरलं जात नाही, हे कळल्यावर बहीण तिसऱ्या भेटीत तासभर बोलली. मुलीने शनिवार-रविवार वडिलांकडे कसं जायचं हे तिथल्याच टेबलावर ठरलं. कायद्याच्या मूळ कल्पनेतला जो भाग अजून जिवंत आहे तो मला त्या खोलीत दिसला.

आणि पैसे नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक. आपल्याकडे “फुकटचा वकील” म्हणून नाक मुरडतात. आमचे पहिले वकील फुकटचे नव्हते.

बहिणीने स्वतःसाठी आणखी एक केलं. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर आपल्या दाव्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला, की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. मुलुंडहून कुर्ला, कुर्ल्याहून शेअर रिक्षा, अकराला हजर, आणि तीनला कळायचं की आज आपलं मॅटर बोर्डावरच नव्हतं, असे दिवस आम्ही काढलेत. एकेका दिवसाच्या शिकवण्या बुडत. तो क्रमांक पहिल्या वकिलांनी दिला नव्हता, आणि आम्हाला तो मागायचा असतो हे माहीत नव्हतं.

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आमच्या घरात तीन पिढ्या ऐकवली गेली. ती म्हणणाऱ्यांचं बहुधा काहीच अडलेलं नव्हतं. जिचं अडलं ती चढते, आणि चढताना तिच्या हातात काहीच माहिती नसते, कारण घरात कुणी तो विषय काढलेला नसतो. याच शहरात १८८४ साली रखमाबाईंवर नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं फर्मावलं, आणि त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटवावं लागलं. पुढे त्या डॉक्टर झाल्या. सगळ्या देशाला हिंदू घटस्फोटाचा कायदा १९५५ मध्ये मिळाला. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्येच केला होता. या बाबतीत मुंबईने दिल्लीची वाट पाहिल्याचा इतिहास नाही. परवानगीच्या अर्जाला एक पान जोडण्यासाठी आताही पाहू नये.

बहिणीचं प्रकरण २०२४ च्या अखेरीस मिटलं. नवरा राजी झाला, कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, भरल्या, वेगळं राहून दोन वर्षं उलटली होती म्हणून सहा महिन्यांची मुदत माफ झाली. मुलीच्या शाळेचा खर्च थेट शाळेत, हीच अट त्यात आली, जी एकदा आम्हाला न विचारता नाकारली गेली होती. शेवटच्या दिवशी वकीलबाईंनी तो एका पानाचा कागद काढला. पुरावा आणि उलटतपासणीच्या ओळीवर त्यांनी काट मारली, युक्तिवादाच्या ओळीवरही मारली, शेजारी “टप्पा आला नाही” असं लिहिलं आणि त्या दोन ओळींचे पैसे घेतले नाहीत.